मदत हवी आहे: चिकनमधील प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची तपासणी मुंबईत कुठे होते?

नमस्कार. माझ्या ७१ वर्षांच्या आईला दोन महिन्यांत दुसऱ्यांदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. लघवीच्या कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये ई. कोलाय जंतू निघाला, आणि औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट (त्या औषधाला न जुमानणारा), असे पाहून मी हादरलो. अखेर सात दिवस शिरेतून इंजेक्शने द्यावी लागली.

असे जंतू कोंबड्यांच्या आतड्यांतही आढळतात आणि कोंबडी कापताना मांसाला लागतात. नीट शिजवल्यावर ते मरतात हे खरे, पण आमच्याकडे कच्चे चिकन कापलेल्या पाटावरच कोशिंबिरीची काकडी चिरली जात होती. (आईचा जंतू तिथूनच आला, असा माझा दावा नाही.) कोलिस्टिन या राखीव (इतर प्रतिजैविके निकामी ठरल्यावर वापरायच्या) औषधाच्या कुक्कुटपालनातील वापरावर भारतात २०१९ मध्ये बंदी आली, इतर औषधांविषयी मात्र दादरच्या आमच्या विक्रेत्याला काहीच सांगता येत नाही.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अन्य प्रयोगशाळेत सामान्य ग्राहकाने आणलेला चिकनचा नमुना तपासून देतात का? तसेच प्रतिजैविकांविना वाढवलेल्या कोंबड्या विकणारा आणि तसा तपासणी अहवाल दाखवणारा विक्रेता कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे.