घोड्याच्या अंगावर खवले? बंदुकीचे दोन सुटे घोडे

लोखंडवेडा:
जुन्या घड्याळांचे सुटे भाग म्हणून घेतलेल्या डब्यात बंदुकीचे दोन घोडे निघाले. (घोडा म्हणजे चाप नव्हे, अंगठ्याने मागे ओढायचा तो.) दोघांनाही चौकोनी भोक. पहिला सरळसरळ मासा आहे: डोळा, अंगभर खवले, शेपटी वळून अंगठ्याची जागा झालेली. तोंड मात्र वाटीसारखं खोलगट. दुसऱ्यावर बारीक वेलबुट्टी आणि तोंड हातोडीसारखं सपाट. एकाच दुनळीचे असतील का? आणि मासाच का?

जुनी_ठासणी:
नक्षी मागाहून, आधी तोंड बघा. खोलगट तोंड टोपीच्या बंदुकीचं. निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडावर, स्फोटक भरलेली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा पडला की ती फुटायची. उघड्यावर फुटली तर कपचे थेट डोळ्यात, म्हणून वर ही वाटी. वाटीच्या पुढच्या कडेला फट आहे का? कपचे पुढे उडावेत म्हणून बरेच कारागीर ठेवत.

सपाट तोंड पिनफायरचं. ही लफोशो या बंदूककाराची, १८३० च्या दशकातली फ्रेंच युक्ती. काडतुसाच्या बुडाशी एक पिन उभी, ती नळीच्या खाचेतून वर डोकावते आणि घोडा तिच्या डोक्यावर आदळतो.

आणखी एक करा. तोंड पुढे धरून बघा, नक्षी कोणत्या अंगाला आहे? आतलं अंग कोरंच सोडत, तिथे बघणार कोण!

लोखंडवेडा:
फट आहे! नक्षी दोघांचीही उजवीकडे.

जुनी_ठासणी:
म्हणजे दोन्ही उजवे. दुनळीला एक उजवा, एक डावा लागतो; जोडीचा प्रश्नच मिटला.

आता मासा. तो डॉल्फिन आहे. खऱ्या डॉल्फिनला खवले नसतात हे खरं, पण युरोपातल्या कुलचिन्हांवरच्या डॉल्फिनला असतात. शिवाय घोड्याला हे रूप आयतं बसतं: जबडा निपलवर, पाठीला बाक, शेपटी अंगठ्याखाली. तुमच्या वेलबुट्टीत बारीक, दाट वळणं असतील तर ती इंग्रजी धाटणी. जर्मन-ऑस्ट्रियन हात असता तर ओकची पानं चांगली उठावात आली असती.

पुढे सेंटरफायर आलं, म्हणजे बुडाच्या मधोमध टोपी असलेलं काडतूस. घोड्याला नुसती स्ट्रायकरवर (टोपीवर आपटणाऱ्या खिळीवर) टिचकी मारायची राहिली, तोंड आक्रसलं. इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनच्या स्टँटनने १८६७ मध्ये आपटून आपोआप मागे सरकणाऱ्या घोड्याचं पेटंट घेतलं. १८७५ मध्ये ॲन्सन आणि डीली या इंग्रज जोडीने घोडे पार पोटातच घातले. सोय झाली, पण माझ्या मते बंदुकीचा चेहरा गेला. पाचवा जॉर्ज राजा मात्र लंडनच्या पर्डी या बंदूककारांच्या घोडेवाल्या बंदुकाच वापरत राहिला.

तेलफडकं:
पॉलिश पेपर लावू नका! मी एकदा असाच एक घोडा 'जरासा' चकचकीत केला. गंज गेला, त्याच्याबरोबर शेपटीवरची (अंगठा घसरू नये म्हणून कोरलेली) चौकटी गेली आणि डोळ्याचा नुसता ठिपका राहिला. हे काम केसाएवढं खोल असतं. तेल लावून दोन दिवस ठेवा, मग सुती फडकं. खाचेतला मळ बांबूच्या काडीने काढा, सुईने नको.

लोखंडवेडा:
अर्धा तास आधी सांगायचं ना! मासा वाचला. वेलबुट्टीवाल्याच्या शेपटीवर दोन हात फिरवून झालेत.