आदिमानवाला जागेचा आवाज कळत होता, आपल्याला का कळेना?

सडाफटिंग
धागा काढायचं निमित्त आमच्या गावचं देऊळ (राजापूर तालुका, गावाचं नाव नको), पण सुरुवात जरा लांबून करतो.

१९८०च्या दशकात रेझ्निकॉफ आणि दोव्हॉ हे दोन संशोधक फ्रान्समधल्या चित्रगुहांमधून गात, हुंकार देत फिरले. आवाज जिथे जास्त घुमतो, तिथेच चित्रं जास्त आहेत, असं त्यांचं म्हणणं. तिकडच्याच मार्सुला गुहेत १९३१ साली एक मोठा शंख सापडला होता. समुद्रापासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी. लोक त्याला पाणी प्यायचं भांडं समजत होते. २०२१मध्ये नीट तपासला, तर टोक मुद्दाम फोडलेलं. हॉर्न वाजवणाऱ्या एका वादकाने फुंकला आणि तीन सूर निघाले. वय सुमारे १८,००० वर्षं!

आता आमचं देऊळ. जुना मंडप लाकडी खांबांचा, कौलारू, तीन बाजूंनी उघडा. जीर्णोद्धारात स्लॅब पडला, खाली चकचकीत लाद्या, बाजूंना काचेच्या सरकत्या खिडक्या. गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा त्याचं एक वाक्य विरायच्या आत दुसरं त्यावर चढतं. कोणासाठी काय मागितलं ते कळतच नाही, लोक अंदाजाने "व्हय म्हाराजा" म्हणतात. कमिटीचा तोडगा काय, तर आणखी स्पीकर. ज्या खोलीत आवाज आधीच मावत नाही तिथे अजून आवाज ओतायचा.

माझं म्हणणं एवढंच: जागा निवडताना, बांधताना ती कशी वाजते हे आधी ऐकायचं असतं, ही अक्कल त्या लोकांना होती.

गणिती_गुहागर
धागा छान, निष्कर्ष घाईचा. २०१७मध्ये उत्तर स्पेनमधल्या पाच गुहांत पद्धतशीर मोजमाप झालं. चित्रांच्या जागा आणि आवाजाचं घुमणं यांचा संबंध निघाला, पण दुबळा. गुहा म्हटली की ती घुमणारच, न्हाणीघरही घुमतं. आणि आपल्याकडची कातळशिल्पं कुठे आहेत? उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर! काशेळीचा तो अवाढव्य हत्ती काय, बारसूची चित्रं काय, ना भिंत ना छप्पर, घुमणार काय डोंबल? मंडपाचं म्हणशील तर तो साधा इंजिनिअरिंगचा विषय आहे, त्यात आदिमानवाला कशाला ओढतोस?

सडाफटिंग
घुमायला भिंतच लागते असं कुठे आहे? कर्नाटकात बळ्ळारीजवळ कुपगलच्या टेकडीवर नवाश्मयुगातल्या माणसांनी डोलेराइटच्या (काळ्या, कठीण दगडाच्या) शिळांवर चित्रं कोरलीत. तिथल्या काही शिळा दगडाने ठोकल्या की घंटेसारख्या वाजतात, आणि ठोकून ठोकून त्यांना खळगे पडलेत. उघड्यावरच आहे सगळं. तिथे दगडखाणींनी घाला घातला, आपल्याकडे चिरेखाणी सडा खातायत. कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२२ला गेली तरी.

गणिती_गुहागर
चिरेखाणींबद्दल शंभर टक्के सहमत. पण डोलेराइट वेगळा आणि जांभा वेगळा रे बाबा. जांभा सच्छिद्र. हातोडी मारून बघ, थप्प वाजेल नि लाल भुकटी पडेल. (मारू नकोस. निदान शिल्पाच्या आसपास तरी नको.)

वेंगुर्लेकर
आदिमानवाचा काय ता तुमी बघा. आमची पोरा वर्षभर मुंबयत चाकरी करून शिमग्याक नि चवथीक गावाक येतत. तेंका छातीत घुमणारो आवाज होयो. ढोल पण छातीतच घुमता मां? मग डीजेनच काय घोडा मारल्यान? आदिमानवाक डीजे गावलो असतो तर तो काय सोडणार होतो?

पडवीतली_माई
@वेंगुर्लेकर, ढोल दमतो. वाजवणाऱ्याचे हात भरून येतात, मग तो तंबाखू मळायला थांबतो आणि तेवढ्यात लहान पोरं झोपतात. डीजे दमत नाही. रात्री दहानंतर बंदीचा नियम २००० सालापासून आहे, तो पालखीच्या दिवशी कोणाला आठवतो?

@सडाफटिंग, तुमच्या जुन्या मंडपाचं कौतुक ऐकून हसू आलं. त्या मंडपात बायका कुठे उभ्या असायच्या? मागे, पायरीखाली, पागोळ्यांत. लग्न होऊन आले तेव्हापासून गाऱ्हाण्यातला एक शब्द माझ्या कानावर पडला नव्हता, तो स्पीकर आल्यावर पडला. तुमच्या त्या गुहेतल्या कोनाड्यात तरी किती माणसं मावत असतील? आवाज चांगला कुठे लागतो हे ज्यांना ठाऊक, ती जागा त्यांचीच. बाकीचे अंधारात.

सडाफटिंग
माई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण तुमच्या मुद्द्याने एक मोठा कर्णा नको, हेच ठरतं की. मागच्या पायरीपाशी एक छोटा स्पीकर, हळू आवाजात. तुम्हालाही कळेल, पुढच्यांचे कानही वाचतील.

आणि गणिती, तुझंच इंजिनिअरिंग घे. १८९५च्या सुमाराला हार्वर्डमध्ये सॅबिन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला एक व्याख्यानाची खोली सुधारायला दिली होती. तिथे एकदा काढलेला आवाज पाच-साडेपाच सेकंद रेंगाळायचा. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून रात्री-रात्री मोजमाप केलं. आवाज किती शोषला जातो याचं माप त्याने कशात धरलं, तर उघड्या खिडकीत! उघड्या जागेतून गेलेला आवाज परत येत नाही. आपला तीन बाजूंनी उघडा मंडप त्या मापात बसवून बघ. ज्या सुताराने तो उभा केला त्याने सॅबिन वाचला नव्हता.

गणिती_गुहागर
त्या सुताराने मंडप उघडा ठेवला तो वारा खेळावा आणि लाकूड वाचावं म्हणून. आवाज चांगला लागला हा फुकटचा फायदा. तुझ्या गुहांचंही तसंच झालं नसेल कशावरून?

वेंगुर्लेकर
फुकटचो तर फुकटचो, फायदो तो फायदोच.

पडवीतली_माई
आणि आषाढात झड आत येते त्याचं काय? पूर्वी तीन बाजूंना झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. झाप विणणारी माणसं आता वाडीत राहिली नाहीत, आणि ताडपत्री बांधली की वाऱ्यावर अशी फडफडते की गुरव राहिला बाजूला, तीच ऐकत बसावं लागतं. काचा काढा म्हणायच्या आधी कमिटीला हे सांगा, पावसाळ्यात तिथे काय लावणार?