एमएसडब्ल्यू : फिल्डवर्कचा अहवाल तिसऱ्यांदा परत आलाय, काय करू?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) पहिलं वर्ष, दुसरं सत्र चालू आहे. पदवी वाणिज्य शाखेची, त्यामुळे समाजकार्याचा गंधही नव्हता. आठवड्यातून दोन दिवस फिल्डवर्क असतं, प्लेसमेंट एका कुटुंब समुपदेशन केंद्रात आहे.

घोळ असा झालाय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एक बाई, साधारण माझ्या आईच्या वयाच्या, मुलाच्या दारूपायी केंद्रात येतात. चौथ्या भेटीत त्यांना रडू फुटलं. मला काही सुचेना. मी माझा मोबाइल नंबर कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, "कधीही फोन करा." त्यांनी केला की! आधी रात्री साडेअकराला, मग एकदा पहाटे, मग रोजच. गेल्या मंगळवारी मी फोन उचलला नाही. पुढच्या भेटीला त्या आल्याच नाहीत.

यातलं काहीही मी अहवालात लिहिलेलं नाही. लिहिलंय काय, तर "क्लायंटला भावनिक आधार दिला. क्लायंटचे मनोबल वाढले." सुपरवायझर मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलंय, "कसा दिलास? त्या काय म्हणाल्या? तू काय म्हणालीस? तुला काय वाटलं?" दोनदा भाषा सुधारून दिला, तिसऱ्यांदाही तीच रेघ.

नंबराचं सांगून टाकू का? ग्रेड जाईल अशी भीती वाटते. शिवाय महिनाअखेर प्रबंधाचा विषय द्यायचाय. मी "महिलांचे सक्षमीकरण : एक अभ्यास" असा ठरवलाय. आणि दुसऱ्या वर्षासाठी विशेषीकरणही निवडायचंय. वर्गातले सगळे वैद्यकीय आणि मनोविकारकडे पळतायत. आणखी एक, लाज वाटते पण विचारते. फिल्डवर्कच्या दिवशी घरी आले की मी रडते. हे काम माझ्याच्याने होणारं नाही का?

---

गच्चीवरचा_वारा

बाकी सगळं नंतर. आजच सुपरवायझरना फोन कर. त्या बाई आल्या नाहीत, घरात दारू पिणारा मुलगा आहे आणि त्यांनी शेवटचा फोन कुणाला केला होता हे केंद्राला माहीतच नाही. त्यांची चौकशी केंद्राने करायची, तू परस्पर त्यांच्या घरी जायचं नाहीस. ग्रेडचं नंतर बघू.

---

जुनी_फाईल

वाऱ्याशी सहमत. आधी ते कर, मग हे वाच. लांबेल, कारण तुझ्या मॅडमच्या लाल रेघा मला ओळखीच्या आहेत. मीही मारते. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून एकोणीस वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं विद्यार्थी हाताखाली आहेत.

मी शिकत होते तेव्हा अस्थिरोग विभागात होते. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, पाय गुडघ्याखाली काढलेला. त्याने विचारलं, "मला पाय मिळेल ना?" मी म्हणाले, "नक्की मिळेल, लवकरच." कुठल्या आधारावर म्हणाले? कुठल्याच नाही. जखम भरायची होती, माप घ्यायचं होतं, पैशांची सोय व्हायची होती, आणि यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. दोन आठवड्यांनी तो भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. मी अहवालात लिहिलं, "रुग्णाचा प्रतिसाद कमी झाला आहे." आमच्या सुपरवायझरनी फक्त एवढंच विचारलं, "भिंतीकडे तोंड कधीपासून?" मला आठवत होतं, पण त्या तारखेला मी काय बोलले होते ते लिहिलेलंच नव्हतं. शेवटी तोंडी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत असं नाही, चांगल्याच रागावल्या. पण दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत वॉर्डात आल्या. त्यांच्यासमोर मी त्या मुलाला सांगितलं की लवकर म्हणजे किती दिवस ते मला माहीत नव्हतं, तरी मी बोलले. तो लगेच हसला वगैरे नाही. चार दिवसांनी कूस वळवली.

आता तुझा अहवाल. "भावनिक आधार दिला" हे वाक्य तू बाद कर, आणि त्याच्याबरोबर "समुपदेशन केले", "मार्गदर्शन केले", "जाणीवजागृती केली" हीसुद्धा. हे निकाल झाले, आणि तुझ्या मॅडमना खटला ऐकायचाय. कागदावर तीन रकाने आख. पहिल्यात शब्दाला शब्द संवाद, आठवेल तेवढा, शांतताही लिहायची. दुसऱ्यात त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं ते. तिसरा मॅडमसाठी मोकळा सोड. तुझी चौथी भेट मला अशी दिसते (अंदाजच आहे, चुकला तर खोड):

त्या : "माझं कुणी नाही हो." (गप्प. रडू.)
मी : "अहो असं नका म्हणू. हा माझा नंबर घ्या. कधीही फोन करा."

दुसऱ्या रकान्यात मग काय येईल? आईसारख्या दिसल्या, हे येईल कदाचित. शांतता सोसवली नाही, हेही येईल. किती सेकंद गेले होते गं? विद्यार्थ्यांना ती पाच मिनिटं वाटते, असते दहा सेकंदांची. नंबर त्यांना हवा होता की ती शांतता तुला नको होती, हे तिथे लिहिल्याशिवाय तुला कळणार नाही आणि मॅडमनाही कळणार नाही.

कार्यकर्ता आणि क्लायंट यांच्या नात्याची बिस्टेक यांनी १९५७ साली मांडलेली सात तत्त्वं तू परीक्षेत लिहिली असशील. स्वीकृती, गोपनीयता, स्वयंनिर्णय सगळे घडाघडा म्हणतात. त्यातलं "नियंत्रित भावनिक सहभाग" मात्र पाठ करून येत नाही. त्यात सहभाग हा शब्दही आहे, म्हणजे कोरडं राहायला कुणी सांगत नाहीये. कडुशिन यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आहेत : प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधाराचं. विद्यार्थ्यांना पहिलंच दिसतं, हजेरीचा कागद आणि सही. उरलेली दोन मागून घ्यावी लागतात.

ग्रेडबद्दल खोटं सांगत नाही. काही सुपरवायझर चूक कळली की गुण कापतात. माझ्याकडे अकरा वर्षांत सगळ्यात कमी गुण पडले ते एका मुलाला. त्याच्या चोवीस गृहभेटींत एकही गोष्ट बिनसली नव्हती. त्यातल्या नऊ झाल्याच नव्हत्या.

मॅडमना मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस. वेळ मागून समोर बसून सांग. त्या बाई परत आल्या तर नंबर गुपचूप बंद करायचा नाही. त्यांना सांगायचं, नंबर दिला ही माझी चूक, फोन केंद्राच्या वेळेत केंद्राच्या नंबरवर करायचा, आणि रात्री घरात मारहाण झाली तर अमुक ठिकाणी करायचा. ते अमुक ठिकाण कोणतं हे तुला आधी पाठ हवं.

अवांतर : तपशील बदललेस हे चांगलं केलंस, तरी चालू केस जाहीर धाग्यावर मांडू नये. पुढच्या वेळी मॅडम, नाहीतर वर्गातली कॉन्फरन्स. आणि पिशवीतल्या डायरीत खरी नावं नकोत, डायऱ्या हरवतात.

---

तळटीप

फाईलताईंनी मुख्य काम केलंय, मी प्रबंधापुरता बोलतो.

"महिलांचे सक्षमीकरण : एक अभ्यास" हा विषय म्हणजे विभागाच्या दारावरची पाटी आहे. त्यात प्रश्न कुठे आहे? पण तुमच्या धाग्यात आहे. दारूच्या तक्रारी घेऊन केंद्रात आधी कोण येतं, आई की बायको? यायचं कितव्या भेटीनंतर बंद होतं? न येणाऱ्यांपर्यंत केंद्र पोचतं का, आणि कोणत्या मार्गाने? यातला एक प्रश्न घेतलात तरी वर्ष पुरणार नाही.

शिकागोत जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ साली हल हाऊस सुरू केलं, कार्यकर्त्यांनी गरीब वस्तीतच राहून काम करायचं केंद्र. तिथल्या रहिवाशांनी १८९५ मध्ये आजूबाजूच्या वस्तीचे रंगीत नकाशे छापले. कुठल्या घरात कुठल्या देशातून आलेले लोक राहतात आणि त्यांना आठवड्याला किती मजुरी मिळते, हे त्यावर घरागणिक दाखवलेलं होतं. प्रश्न एवढासा, वस्ती चालून जाण्याइतकी, पण उत्तर कुणाला नाकारता येईना. विषय त्या मापाचा घ्या.

मात्र ज्या बाईंना तुम्ही क्लायंट म्हणून भेटता त्यांनाच मुलाखतीला बसवू नका. मदत तुमच्याकडून हवी असताना त्या नाही कशा म्हणतील? अशा संमतीला अर्थ नसतो. नैतिकता समितीकडून लेखी मान्यता येईपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही. पद्धतीचं म्हणाल तर तीनशे प्रश्नावल्या भरून टक्केवारी काढण्यापेक्षा बारा नीट मुलाखती तुमच्या प्रश्नाला बऱ्या. हे माझं मत आहे, तुमच्या गाइडचं वेगळं असेल तर गाइडचं ऐका, सही त्यांची लागते.

वाणिज्य शाखेची आहे म्हणून कमीपणा घेऊ नका. संस्थेचा ताळेबंद वाचता येणारा समाजकार्यकर्ता मी आजवर दोनदाच पाहिलाय.

---

गच्चीवरचा_वारा

विशेषीकरणावर कुणीच बोललं नाही म्हणून. मी समुदाय विकासवाला, त्यामुळे माझं मत तिरकं आहे हे आधीच कबूल. वर्ग कुठे पळतोय ते बघून निवडू नकोस. एक कर. त्या बाईंचा इकोमॅप काढ. ॲन हार्टमन यांनी १९७५ साली आणलेलं साधन, कागद-पेन्सिलीचं. मधल्या वर्तुळात घर, भोवती नातलग, शेजारी, दवाखाना, नोकरी, केंद्र अशी वर्तुळं. घट्ट नातं असेल तर जाड रेघ, तुटक असेल तर तुटक, ताणाचं असेल तर नागमोडी.

मला वाटतं त्या कागदावर जाड रेघ एकच निघेल, आणि ती तुझ्या मोबाइलकडे जाईल. दोन दिवस येणाऱ्या आणि सत्र संपलं की जाणाऱ्या मुलीकडे.

आता स्वतःला विचार, ती रेघ बघून पहिलं काय करावंसं वाटतं? बाईंशी आणखी नीट बोलावंसं वाटत असेल तर फाईलताईंच्या वाटेने जा. त्यांच्यासाठी दुसरी रेघ कुठून ओढता येईल हे शोधावंसं वाटत असेल तर आमच्याकडे ये. दारुड्यांच्या घरच्यांचे अल-अनॉन गट १९५१ पासून चालतात, तिथे त्यांच्यासारख्याच आया-बायका बसलेल्या असतात. तशा गटात त्यांना सोडून आलीस तर रात्रीचे अर्धे फोन आपोआप दुसरीकडे जातील.

---

जुनी_फाईल

"सोडून आलीस" म्हणे! त्यांना जायचं आहे का हे कोण विचारणार? स्वयंनिर्णय म्हणतात त्याला. बाकी इकोमॅपचं पटलं.

---

गच्चीवरचा_वारा

मान्य. विचारून, मग सोबत जाऊन. पहिल्यांदा एकटं जायला पाय उचलत नाही म्हणून सोडायला म्हणालो.

---

दुसरे_वर्ष_तिसरा_बाक

मी तुझ्याहून एकच वर्ष पुढे आहे, त्यामुळे सल्ला कमी, सोबत जास्त. रडण्याबद्दल. मी पहिलं सत्र बालगृहात होते, रोज रडायचे. दुसऱ्यांच्या आघाताच्या गोष्टी ऐकून ऐकणाराही बदलत जातो. मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये त्याला परोक्ष आघात म्हटलंय. नाव कळल्यावर मला फार बरं वाटलं. मग कळलं की माझा आघात वगैरे नव्हता. मी चार तास झोपत होते आणि दुपारी जेवत नव्हते. दोन्ही शक्यता तपासून बघ. झोपून-जेवूनही महिनाभर रडू थांबलं नाही, रात्री त्यांच्या गोष्टी स्वप्नात येऊ लागल्या तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. दुसऱ्यांना पाठवतो आणि स्वतः जायला लाजतो आपण.

अहवाल त्याच दिवशी लिही, पण घरी पोचल्या पोचल्या नको. मी केंद्रातून निघताना जिन्यातच पाच-सहा शब्द खरडून घेते, मग अर्धा तास नुसती चालते. त्या शब्दांवरून संवाद परत उभा राहतो. दोन दिवसांनी लिहायला बसलं की सगळे क्लायंट आपल्यासारखेच बोलायला लागतात.

---

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार. सांगितलं. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दहा सेकंदच असतील, फाईलताई, पण मी मोजले नाहीत. मग त्यांनी माझ्यासमोरच केंद्राच्या फोनवरून त्यांना फोन लावला. बाई बहिणीकडे गेल्या होत्या, ठीक आहेत. गुरुवारी येणार आहेत, मॅडम सोबत बसणार आहेत. ग्रेडचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही काढला. प्रबंधाला "कितव्या भेटीनंतर" हा प्रश्न घेतलाय, गाइड सर "बघू" म्हणालेत.

इकोमॅप काढला. वारादादा, रेघ एकच निघाली.

तीन रकाने आखून आता चौथी भेट आणि ते फोन असं सगळं लिहितेय. दुसऱ्या रकान्यात अडकले आहे. मंगळवारी फोन वाजत होता, स्क्रीनवर त्यांचं नाव होतं, मी तो उपडा ठेवला आणि मला बरं वाटलं. म्हणजे खरंच हलकं वाटलं. हे असं लिहायचं का?

---

जुनी_फाईल

हेच आधी लिही. किती वाजले होते तेही.