आफ्रिकेतल्या इंटरनॅशनल शाळेत शिकवायला गेलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

नमस्कार. मी नाशिकची. बी.एड. आहे, ११ वर्षं माध्यमिकला गणित शिकवतेय. टांझानियातल्या दार-ए-सलामच्या एका शाळेतून आयजीसीएसईच्या (केंब्रिजची दहावीच्या पातळीची परीक्षा) वर्गांसाठी बोलावणं आलंय, ऑगस्टपासून. नवऱ्याची तयारी आहे, लेक ९ वर्षांची आहे, सासूबाई काहीच बोलत नाहीत. नातेवाइकांना ‘आफ्रिका’ म्हटलं की एकच चित्र दिसतं. जे तिथे प्रत्यक्ष राहिलेत त्यांनी लिहावं. पगार, घर, आजारपण, मुलं, बरं-वाईट सगळं.

दार-ए-सलाम, ६ वर्षं

ताई, आधी हवेचं सांगते. मी मूळची मालवणची, मला तिथे परकं वाटलंच नाही. नारळ, काजू, दमट उकाडा, समुद्राचा वारा. फक्त आंबे डिसेंबरात येतात आणि मोठा पाऊस मार्च ते मे. मेथी-कोथिंबिरीला किसुटूच्या बाजारात जायचं.

भाषा मात्र पहिल्या दिवसापासून शिका. शाळेत इंग्रजीवर भागतं, पण बाहेरचं जग स्वाहिलीत चालतं आणि त्यात आपले शब्द भेटत राहतात. दुकानाला डुका, पुस्तकाला किटाबू, औषधाला डावा. तुमच्या गणिताला तर हेसाबू! घड्याळ वेगळं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला मी शनिवारी ‘साआ ताटू’, म्हणजे तीनला, ये म्हटलं. तो सकाळी ९ ला दारात उभा. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १. दुपारचे तीन हवे असतील तर ‘साआ टिसा’ म्हणायचं.

आणि ‘शिकामो’. वडीलधाऱ्यांना धाकट्यांनी करायचा नमस्कार. ‘पाय धरतो’ असा मूळ अर्थ सांगतात. उत्तर ‘मराहबा’. शाळेच्या फाटकावरचे पहारेकरी आजोबा मला म्हणायचे ‘म्वालिमू’, शिक्षक. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे आधी शाळेत शिकवायचे आणि लोक आजही त्यांना म्वालिमूच म्हणतात. त्या शब्दाला तिथे वजन आहे. मी आजोबांना रोज शिकामो म्हणायचे. दुसऱ्या वर्षी माझी आई गेली, तेव्हा ते त्यांच्या बायकोला घेऊन घरी आले आणि तासभर नुसते बसून राहिले. तिथे दुःखात ‘पोले’ म्हणतात. त्या एका शब्दाने मला जेवढा आधार दिला तेवढा फार थोड्यांनी दिला.

लागोस, ३ वर्षं

मी पैशाचंच लिहितो, कारण मला तिथे ठेच लागली. करारात पगार नायरात, म्हणजे नायजेरियाच्या चलनात होता. डॉलरशी बांधलाय का, हे विचारायचं मला सुचलं नाही. जून २०२३ मध्ये सरकारने नायराचा दर बाजारावर सोडला. तोवर डॉलरला साधारण ४६० नायरा पडायचे, फेब्रुवारी २०२४ पर्यंत ते १५०० वर गेले. पगाराचा आकडा तोच, घरी पाठवायची रक्कम तिसरा हिस्सा. शाळेने थोडी वाढ दिली, ती कुठे पुरणार? गृहकर्जाचे हप्ते पुण्यात चालू होते. त्यामुळे चलन कोणतं, बदलला तर कुठला दर धरणार, हे लेखी घ्या. तोंडी ‘होईल’ वर जाऊ नका.

मुलं मात्र सोन्यासारखी. वीज गेली की वर्ग शांतपणे चालू राहायचा, आणि आली की सगळे एका सुरात ‘अप नेपा!’ ओरडायचे (नेपा म्हणजे तिथली जुनी वीज कंपनी). तो आवाज अजून कानात आहे.

नैरोबी, शिक्षिकेचा नवरा

नोकरी बायकोची होती, मी बरोबर गेलो. तुमच्या मिस्टरांना आत्ताच सांगा की केनियात डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही. टांझानियाचं शाळेला विचारून घ्या. मला पहिले ८ महिने फार जड गेले, आणि ते मी कुणाला बोललोही नाही. मंडळाच्या गणपतीत ओळखी झाल्या, मग दिवस सुरळीत झाले. शहर १८०० मीटरच्या आसपास उंचीवर, जुलैत स्वेटर लागतो. भाजीवालीलाही फोनवरून एम-पेसाने पैसे देतात, २००७ पासून.

यलो फीव्हरची लस तिघांनीही घ्या, निघण्याआधी किमान १० दिवस. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा, केनियातून परतताना ते नसेल तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. टॅक्सचंही पाहा. ऑगस्टमध्ये नोकरीसाठी निघालात तर त्या आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहतो, म्हणजे तुम्ही अनिवासी. बँकेला कळवून खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं करा.

किगाली, अजून इथेच

वरच्यांनी न लिहिलेलं एक लिहिते. माझ्या शेजारच्या वर्गातली रवांडाची शिक्षिका माझ्याइतकीच शिकलेली, माझ्याहून अनुभवी. तिचा पगार माझ्यापेक्षा पुष्कळच कमी. बहुतेक शाळांत हे असंच आहे आणि मला ते अजून सलतं. तिच्याकडून मी वर्ग सांभाळायला शिकले. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उमुगांडा असतं, सगळी वस्ती मिळून रस्ते-गटारं साफ करते. तिच्यासोबत जाते.

मलेरियाबद्दल: ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. सुट्टीत भारतात आल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना ‘आफ्रिकेतून आलेय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. माझ्या मैत्रिणीवर साध्या व्हायरलचे उपचार झाले, त्यात ४ दिवस गेले आणि ती आयसीयूत पोचली.

नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. चलन, घरभाडं आणि दवाखान्याचा विमा, तिन्ही शाळेला लेखी विचारलं. पगार डॉलरमध्ये आणि घर शाळेचं, असं उत्तर आलंय, विम्याचं यायचंय. मिस्टरांना नैरोबीचा अनुभव वाचायला दिला, त्यावर आम्ही दोन रात्री बोललो. लेक आजीला येता-जाता शिकामो करते. काल सासूबाई पहिल्यांदा बोलल्या: तिथे मिक्सर चालेल का?

दार-ए-सलाम, ६ वर्षं

चालेल. व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर न्या. आणि कोकम भरपूर न्या.