बसून बसून माकडहाड दुखतंय, उठताना तर जीव जातो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माकडहाडाच्या दुखण्याचा कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. माझं काम दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून, त्यात मीटिंगा लागल्या की जागचं हलताही येत नाही, आणि गेले काही महिने दोन्ही कुल्ल्यांच्या मधे बरोब्बर खालच्या टोकाला दुखायला लागलंय. कंबर नाही, कंबर ठणठणीत आहे, हे अगदी बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी दुखतं. बसल्या बसल्या काही वाटत नाही, मग हळूहळू ठसठस सुरू होते, मग मी एकदा या कुल्ल्यावर एकदा त्या कुल्ल्यावर असं करत वेळ काढते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उठताना. त्या क्षणी अशी कळ जाते की टेबल धरून थांबावं लागतं. चार पावलं चाललं की गायब! चालताना, झोपल्यावर काहीच नाही.

पडले वगैरे नाहीये. डॉक्टरांना दाखवलं, एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले, पेनकिलर दिली आणि बसणं कमी करा म्हणाले. आता कामच बसून आहे तर बसणं कमी कुठून करू?

अजून एक कोडं म्हणजे कडक खुर्चीपेक्षा मऊ सोफ्यावर मला जास्त त्रास होतो. असं का होत असेल? आणि ती मधे भोक असलेली गोल उशी मिळते ती घ्यावी का? व्यायाम कुठले करावेत, आणि मुख्य म्हणजे हे पूर्ण बरं होतं का? खरंच वैताग आलाय, जाणकारांनी सांगा.

------

ताई, मी यातून गेलोय त्यामुळे लिहितो. सोफ्याचं कोडं आधी सोडवू. आपण ताठ बसतो तेव्हा वजन कुल्ल्यातल्या दोन बैठकीच्या हाडांवर येतं आणि माकडहाडावर फारसं येत नाही. पण मागे रेलून घसरून बसलं की कंबरेखालचा भाग मागे कलंडतो आणि वजन सरळ माकडहाडावर. मऊ सोफ्यात आपण खोल रुततो आणि आपोआप असंच रेलून बसतो, वर फोम खालून त्या टोकाला दाबत राहतो ते वेगळंच. कारच्या सीटचंही तेच, मागची बाजू खोल असते म्हणून लांबच्या ड्रायव्हिंगला हाल होतात.

गोल भोकाची उशी मी घेतली होती, मला काही उपयोग झाला नाही. मूळव्याधीसाठी लोक वापरतात ती हीच, तिची मागची कड नेमकी माकडहाडाच्या आसपास येऊन टेकते. त्यापेक्षा वेज कुशन बघा, म्हणजे मागे जाड आणि पुढे उतरती, आणि मागच्या बाजूने यू आकारात कापलेली. कापलेला भाग खुर्चीच्या पाठीकडे ठेवायचा, म्हणजे माकडहाड अधांतरी राहतं. घेतल्यावर बसून मागून त्या खाचेत हात घालून बघा, हाड खाली टेकत असेल तर फोम फार मऊ आहे, ती परत करा. आणि उशीने उंची वाढते हे लक्षात ठेवा, पाय लोंबकळायला लागले तर खाली काहीतरी पायाला आधार द्या नाहीतर मांड्या अवघडतात, स्क्रीनही थोडी वर घ्या. उशी येईपर्यंत दोन टॉवेलच्या घट्ट घड्या करून एकेका कुल्ल्याखाली ठेवायच्या, मधे फट सोडायची. हे आजच करून बघा.

------

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचा प्रतिसाद बरोबर आहे, थोडी भर घालते.

तुम्ही सांगताय ते वर्णन कॉक्सीडायनियाचं, म्हणजे माकडहाडाच्या दुखण्याचं वाटतंय, बसल्यावर आणि उठताना दुखणं ही त्याची खूणच. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं, आणि पडल्याशिवाय, नुसत्या बैठकीनेही होतं. उठताना असं करा: आधी खुर्चीच्या कडेला सरका, पाय मागे घ्या, छाती पुढे झुकवा, कुल्ले घट्ट आवळा आणि मग उठा. एकदम पाठ टेकवलेल्या अवस्थेतून उठू नका, कळ तिथेच जाते. अर्ध्या तासाने मिनिटभर तरी उभं राहायचं, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असेल तर उभ्यानेच ऐका.

माकडहाडाला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू चिकटलेले असतात आणि दुखणाऱ्या माणसाचे ते बहुतेक वेळा आखडलेले असतात. त्यामुळे कुठेतरी वाचून कीगल, म्हणजे हेच स्नायू आवळायचा व्यायाम, सुरू करू नका, आवळलेला स्नायू अजून आवळून काय होणार? आधी सैल सोडायला शिका. पाठीवर झोपून पोटात सावकाश श्वास घ्यायचा, श्वास आत घेताना खालचा भाग ढिला सोडायचा. मग एकेक गुडघा छातीशी, बालासन, आणि कुल्ल्याचं स्ट्रेचिंग. नौकासन, सिटअप्स, सायकल सध्या नको. शौचाला जोर करावा लागत असेल तर आधी ते नीट करा, भरपूर पाणी आणि फायबर घ्या, कारण कुंथण्याने हे नक्की वाढतं.

बहुतेकांना ऑपरेशनशिवाय बरं वाटतं, पण आठवड्यांच्या नाही तर महिन्यांच्या हिशोबात, तेवढा धीर धरा. तरीही राहिलं तर डॉक्टरांना बसून आणि उभं राहून असे दोन्ही साइड एक्सरे काढता येतील का विचारा. बसल्यावर हाड जास्त हलतं किंवा सरकतं ते साध्या एक्सरेत दिसत नाही. पुढे इंजेक्शनचा पर्याय असतो, हाड काढण्याची वेळ फार क्वचित येते.

मात्र ताप, तिथे सूज किंवा पू, रात्री झोपेतही दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर थांबू नका. जांघेत बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

------

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार! ताप, बधिरपणा वगैरे काही नाही. टॉवेलचा प्रयोग लगेच केला, ठसठस उशिरा सुरू झाली आणि पुढे झुकून उठल्यावर कळ खरंच कमी गेली. मॅडम, रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं तर चालेल का? आणि खुर्ची पुढे कललेली ठेवली तर पाठीला त्रास होईल का?

------

शेक चालेल, पंधरा-वीस मिनिटं, मधे कापड ठेवून, आणि पिशवीवर बसायचं नाही, कुशीवर झोपून लावा. खुर्ची अगदी थोडी पुढे कललेली ठीक आहे पण पाठीला आधार हवाच, कंबरेच्या बाकाशी छोटी उशी ठेवा म्हणजे घसरणार नाही. पाठ दुखायला लागली तर कल कमी करा.