वाचून दाखवायला कोणती पुस्तकं घेऊ?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ): आमच्या बचत गटातल्या बाया कापूस वेचून आल्या की रात्री समाजमंदिरात बसतात, मी वाचून दाखवते. 'सकारात्मक विचार करा' छापाचं पुस्तक काढलं, तर दुसऱ्याच पानावर एकीनं इचारलं, "याच्या डोक्शावर सावकाराचं कर्ज होतं का?" मले तिचं पटलं. ज्यांनी भोगलं त्यांनीच लिहिलेलं सांगा.

उत्तर १: कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट'. नागपूरच्या. दलित मुलीनं संस्कृत शिकणं म्हणजे काय, ते त्यात आहे. भाषा जड, थोडं थोडं वाचा.

उत्तर २: ताई, राजेंद्र भारूड यांचं 'मी एक स्वप्न पाहिलं' घ्या. धुळे जिल्ह्यातला भिल्ल पोरगा, बाप जन्माआधीच गेला, माय दारू विकून पोट भरायची. पोरगा डॉक्टर झाला, मग कलेक्टर.

उत्तर ३: बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलं त्यांनी!

प्रश्नकर्ती: मग तेच आधी. आमच्यातली एक जण किराणा दुकान चालवते, पीठ मोजता मोजता वहीत ओव्या लिहिते अन् कोणी आलं की वही पोत्याखाली सरकवते. तिले हे ऐकवायचंच आहे. यवतमाळात कुठं मिळेल?