नुसत्या एच-इंडेक्सवर जाऊ नका

एच-इंडेक्स बघितला की कॅन्सर बायोलॉजीतल्या संशोधकाचं वजन कळतं असं काही जण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. (एच-इंडेक्स ४० म्हणजे त्या माणसाच्या ४० पेपरांना प्रत्येकी किमान ४० सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांत आलेले उल्लेख.) कॅन्सर संशोधक रॉबर्ट वाइनबर्गचंच घ्या ना, त्याने डग्लस हॅनहनबरोबर २००० आणि २०११ मध्ये ‘सेल’ या जर्नलमध्ये ‘हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर’वर, म्हणजे कॅन्सरच्या ठळक लक्षणांवर, जे दोन रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख) लिहिले त्यांना अक्षरशः हजारोंनी सायटेशन्स आहेत, कारण ज्याला त्याला प्रस्तावनेत एक वाक्य टाकायला तेच सोयीचे पडतात. आरबी हा ट्यूमर रोखणारा जीन क्लोन केल्याचा त्याच्या सहकाऱ्यांसोबतचा १९८६चा पेपर आकड्यांत त्यांच्या कुठल्या कुठे मागे, पण प्रत्यक्ष शोध तर तो आहे! आणि एच-इंडेक्समध्ये तिन्ही पेपर मोजले जातात एकेकच.

म्हणून आधी रिव्ह्यू आणि मूळ संशोधन वेगळं काढा, मग बघा माणूस पहिला लेखक आहे (बहुधा प्रत्यक्ष काम करणारा), शेवटचा आहे (बहुधा लॅबचा प्रमुख) की चाळीस नावांच्या गर्दीत मधेच कुठेतरी. सायटेशन्स मोजणाऱ्या गूगल स्कॉलरचा आकडा स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसपेक्षा बहुतेक वेळा जास्तच येतो, त्यामुळे एकाचा इथून नि दुसऱ्याचा तिथून घेऊन तुलना करू नका प्लीज.

त्यापेक्षा एनआयएचचं (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) आयसाइट हे ऑनलाइन साधन वापरा, फुकट आहे. त्यात पेपरच्या सायटेशन्सची तुलना त्याच विषयातल्या पेपरांशी होऊन एक आकडा मिळतो, तो १ आला म्हणजे पेपर एनआयएचच्या निधीवरच्या पेपरांच्या मध्यकाइतका. क्लिनिकल, म्हणजे रुग्णांवरच्या अभ्यासांच्या, पेपरांनी तो पेपर किती उचललाय तेही दिसतं, कॅन्सरच्या कामात मला तरी तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.